पावलावर पाऊल

नोलानं कोठडीच्या लोखंडी दाराला खांदा लावला तसं ते एकदम सुटलं आणि आतल्या दगडी भिंतीवर आपटलं. तो आवाज रिकाम्या रस्त्यावरून थेट पलीकडच्या हॉटेलापर्यंत गेला असणार. ती आत शिरली, भिंतीतल्या साखळीच्या कड्यापाशी नेहमीच्या जागी उभी राहिली आणि वळून पाहते तर पाहुणी उंबऱ्याबाहेरच.

"या ना आत. निदान सावली तरी आहे."

"नको. मला इथूनच दिसतंय."

पंचाहत्तरीची असेल बाई. गवती टोपी, उन्हानं ठिपके पडलेले हात, आणि पोटाशी घट्ट धरलेली कापडी पिशवी. दोन दिवस एकटी गाडी चालवत पूर्वेकडून आली होती. हॅलोरन वेल या गावी येणारे पाहुणे या कोठडीत आवर्जून शिरत. साखळी हातात घेऊन वजन बघत, एकमेकांचे फोटो काढत, मग गप्प होऊन बाहेर येत. ही बाई साखळीकडे बघतच नव्हती. नोलाकडे बघत होती.

"सँडी तुमचे कोण?" तिनं विचारलं. सकाळपासून दुसऱ्यांदा.

"आजोबा. सांगितलं ना मघाशी. आईचे वडील."

"सख्खे?"

नोला हसली. "बाई, आम्हा मूळनिवाशांत सख्खं-चुलत असं वेगळं काढत नाहीत. पण तुम्हाला तसंच हवं असेल तर हो, सख्खे."

बाईनं मान हलवली. तेवढ्यात डोक्यावरून गुलाबी काकाकुव्यांचा थवा गेला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे पूर्वेकडे, आणि एकही ओरडत नव्हता. नोलानं पश्चिमेकडे पाहिलं. क्षितिजावर सकाळी गंजाची रेघ होती, ती आता चांगली बोटभर जाड झाली होती. पलीकडे हॉटेलवाला ओट्यावरच्या खुर्च्या आत ओढत होता.

"धूळ येतेय," ती म्हणाली. "दुपारपर्यंत पोचेल. चला, संग्रहालय दाखवते आणि मग तुम्ही हॉटेलात जाऊन बसा. अशा वेळी रस्त्यावर असू नये माणसानं."

संग्रहालय म्हणजे जुन्या पोलीस ठाण्याच्या दोन खोल्या. तार पाठवायची जुनी यंत्रं, उंटांच्या घंटा, पाण्याची कातडी पखाल, आणि मधोमध लाकडी घोडीवर चढवलेलं खोगीर. बारा वर्षं नोला त्या खोगिराला दर सोमवारी तेल लावत होती. खालची पाटीही तिच्याच हातची होती: सँडी, पोलिसांचा मागकाढ्या. हरवलेल्या मुलाचा दोन दिवस माग काढून त्याला जिवंत परत आणल्याबद्दल बक्षीस.

ही गोष्ट सांगताना तिचा आवाज आपोआप बदलायचा. उत्तरेकडून पोलिसांनी लहानपणीच उचलून आणलेला पोरगा. खडकावरून सरडा गेला तरी त्याला कळायचं. आणि मग दुसरी गोष्ट, जिच्यासाठी लोक हल्ली लांबून येत. एका वर्षी पोलीस ओढ्याकाठच्या मूळनिवाशांच्या वस्तीवर चालून जाणार होते, ते सँडीला कळलं. आदल्या रात्री तो बारा मैल धावत गेला आणि लोकांना सावध केलं. सगळे वाचले नाहीत. पण जे वाचले ते त्याच्यामुळे. ओढ्यावर आता त्याच्या नावाचा शिलालेख उभा राहिला होता, शनिवारी त्यावरची ताडपत्री निघणार होती, राजधानीहून मंत्री विमानानं येणार होते.

नोला सांगत होती. बाईनं पिशवी उघडली आणि आतून काळ्या कातडी पुठ्ठ्याची एक छोटी वही काढली.

"तुम्हाला टीव्हीवर पाहिलं मी," ती म्हणाली. "हीच गोष्ट सांगत होता. इतकी छान सांगितलीत की मला पुढे बघवेना. बंद केला टीव्ही." ती थांबली. "माझं नाव हेदर. माझे आजोबा इथे पोलीस होते. लॅनगन."

लॅनगन भिंतीवरच्या फोटोत होता. घोड्याचा लगाम धरून, मिशांना पीळ देऊन. नोलानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"वाचा," हेदर म्हणाली. "खूण घातलीय तिथे."

अक्षर बारीक होतं आणि नीटनेटकं. पावसाची नोंद, घोड्याच्या नालांची नोंद, आणि मग खूण घातलेलं पान. *पहाटे निघालो. सँडीनं खडकाळ भागातूनही माग सोडला नाही. ओढ्याच्या वळणावर गाठले. नऊ. लाकडं गोळा करून जाळले. संध्याकाळी परत. सँडीवर खूश होऊन माझं जुनं खोगीर त्याला दिलं.*

नोलानं ते पुन्हा वाचलं. मग वही तशीच उघडी धरून ती खोगिरापाशी गेली आणि डाव्या बाजूचं कातडं वर उचललं. आत, जिथं पाहुण्यांची नजर जात नाही तिथं, तापल्या लोखंडानं उठवलेलं अक्षर होतं. ल. ते खोगीर करणाऱ्या कारागिराचं असावं असं ती बारा वर्षं धरून चालली होती. तिनं कातडं हळूच खाली सोडलं.

"हरवलेलं पोर?" तिनं विचारलं.

"सगळी वही वाचलीय मी. पोराचं कुठे काही नाही."

बाहेर पत्र्यावर वाऱ्याचा पहिला फटकारा बसला. कुठलं तरी कुत्रं भुंकलं आणि लगेच गप्प झालं.

"चाळीस वर्षं ही वही माझ्या कपाटात आहे," हेदर म्हणाली. "जाळावी असं खूपदा वाटलं. मग तुम्हाला पाहिलं. शनिवारचं ऐकलं. दगडात कोरल्यावर मग—"

"म्हणून आणून टाकलीत माझ्या पदरात." नोलाचा आवाज चढला नाही, पण हेदर एक पाऊल मागे सरकली. "गोळ्या तुमच्या आजोबांनी घातल्या. काड्या त्यांनी ओढल्या. आणि तुम्ही दोन दिवस गाडी हाणत आलात ती मला हे सांगायला, की माझे आजोबाही त्यात होते. आता बरं वाटतंय? ओझं निम्मं झालं?"

हेदरनं रिकामी पिशवी पुन्हा पोटाशी धरली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "असेलही तसं. मी स्वतःला विचारत होते सगळ्या रस्त्यात. पण हे मला माहीत असताना तुम्ही त्या दगडापाशी उभ्या राहून बोलला असतात, आणि मी घरी बसून ऐकलं असतं. ते मला जमलं नसतं."

"ठेवून जा."

"तुमचीच आहे ती आता."

"आणि हॉटेलात थांबा. रस्त्यावर जाऊ नका."

पण नोला दाराला कुलूप लावत होती तेव्हा तिला दिसलं, पांढरी गाडी हॉटेलापाशी थांबली नाही. पूर्वेचा रस्ता धरून, दिवे लावून, ती काकाकुव्यांच्या मागून गेली.

तेवढ्यात डॅरिलची जीप आली. डॅरिल तिच्या भावाचा मुलगा, सरकारी रेंजर. शिलालेखासाठी दोन वर्षं त्यानं अर्ज केले होते, दगड त्यानंच निवडला होता. खिडकीतून तोंड बाहेर काढून तो ओरडला, "आत्या, ओढ्यावर चाललोय! ताडपत्री उडतेय म्हणे. दोर बांधून येतो."

"जा."

"तुझा चेहरा का असा?"

"धूळ."

"अजून आली कुठे धूळ? आणि हातात काय आहे?"

"जुनी वही आहे. जा तू, नाहीतर तिकडेच अडकशील."

तो गेला. नोला आपल्या गाडीत बसली, वही मांडीवर ठेवली आणि गाडी सुरू न करता बसून राहिली. आजोबा वारले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. त्यांनीच तिला माग काढायला शिकवलं होतं. इमूची पिल्लं कुठून गेली, कोण लंगडत होतं, कोण पाठीवर ओझं घेऊन चाललं होतं, सगळं वाळूत वाचायला. ते फारसं बोलत नसत. पण एक गोष्ट त्यांनी कधीच शिकवली नाही, माणसाचा माग. ती विचारायची, आणि ते म्हणायचे, माणसं काय, हाक मारली की येतात. तेव्हा ती हसली होती.

आणि बारा मैल धावण्याची गोष्ट? ती आजोबांच्या तोंडून तिनं कधी ऐकली होती? तिनं आठवून पाहिलं. आईच्या तोंडून ऐकली होती. मावश्यांच्या तोंडून. आजोबा त्या वेळी उठून बाहेर जायचे.

मग तिला आयव्ही मावशी आठवली, आणि तिनं गाडी सुरू केली.

आयव्ही मावशी गावाच्या शेवटच्या टोकाला, कोरड्या ओढ्याच्या काठी राहायची. चौऱ्याऐंशीची. नात्यानं ती सगळ्या गावाची मावशी होती, पण नोलाच्या घरची पायरी ती कधी चढली नव्हती. लग्न असो की मयत, ती नोलाच्या घरच्यांपासून दूर, झाडाखाली बसायची. नोलानं चहा पुढे केला तर म्हणायची, झाला माझा. घराण्यांत जुनं काहीतरी असेल, असं सगळे धरून चालत. शिलालेखासाठी डॅरिल तिच्याकडे माहिती विचारायला गेला तेव्हा ती म्हणाली होती, "नोलाच्या घरी विचार की. छान सांगतात ते लोक." डॅरिलला ते कौतुक वाटलं होतं.

नोला पोचली तेव्हा पश्चिमेची धुळीची भिंत अर्ध्या आभाळावर आली होती. विटकरी, आतून ढवळत असलेली, आणि तिचा काहीच आवाज नव्हता. आयव्ही मावशी ओट्यावर बसली होती. कुत्रं तिच्या खुर्चीखाली शिरून बसलं होतं.

"कोण ते? नोला? तुझ्या गाडीचा आवाज ओळखते मी. दृष्टी गेली, कान आहेत." तिनं मान तिरकी केली. "आज इकडे कशी वाट चुकलीस?"

नोलानं काय बोलायचं ते रस्त्यात ठरवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता तिला सापडेना. ती पायरीवर बसली.

"मावशी, एक वही मिळालीय. त्या पोलिसाची."

आयव्ही मावशीची बोटं खुर्चीच्या दांड्यावर थांबली.

"मिळाली म्हणजे वाचलीसही."

"वाचली."

"बराच वेळ लागला तिला पोचायला." ती उठली, काठीनं दार ढकललं. "चल आत. खिडकीला ओलं फडकं लाव. तू पण ये रे," हे कुत्र्याला.

आतमध्ये विस्तवावर कांगारूचं शेपूट शिजत होतं. नोलानं फडकी ओली करून खिडक्यांच्या फटींत कोंबली. प्रकाश आधी पिवळा झाला, मग तांबडा. भर दुपारी मावशीचा चेहरा नुसता आकार उरला.

"तुम्हाला माहीत होतं," नोला म्हणाली.

"मला नाही तर कुणाला असणार? माझी आई तिथे होती."

"मग इतकी वर्षं का नाही बोललात? मी बारा वर्षं गावभर, टीव्हीवर... तुम्ही ऐकत होता!"

"ऐकत होते. चांगली सांगतेस तू." मावशी हसली, पण ते हसणं लगेच विरलं. "तुम्हा लोकांना कागदावर आलं की मग खरं वाटतं. मी म्हातारीनं सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आयव्ही जळते."

तसंच म्हणाली असती नोला.

"आणि दुसरं कारण होतं," मावशी म्हणाली. वारा घराला भिडला, छपराचे पत्रे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुरकुरत गेले. ती थांबली, आणि आवाज जरा कमी झाल्यावर पुढे बोलली. "आई आठ वर्षांची होती. पाणी आणायला गेली होती म्हणून वस्तीत नव्हती. आवाज ऐकला आणि खाऱ्या मातीतल्या झुडपात शिरली. पण वाळूतून पळाली होती ना, पावलं उमटलेली. पाण्यापासून सरळ झुडपापर्यंत. आंधळ्याला दिसली असती."

"मग?"

"सगळं उरकल्यावर तो पाण्यापाशी आला. तुझा आजा. खाली बघत बघत. आईला झुडपातून गुडघ्यापर्यंतचे पाय दिसत होते. ते पाय तिच्या पावलांवरून आले. एकेका पावलावर पाऊल ठेवत, सावकाश, सगळी पुसत. शेवटच्या पावलावर येऊन उभे राहिले. हाताच्या अंतरावर. पलीकडून पोलिसानं ओरडून विचारलं, काय आहे रे तिथे? आणि हा म्हणाला, घोरपड."

चुलीवरचं झाकण थडथडत होतं. कुणी ते उचललं नाही.

"तेवढंच. घोरपड. आणि गेला."

"पोलिसांनी जबरदस्ती केली असेल त्याच्यावर. तो पोरगा होता तेव्हा. कोठडीत ती साखळी आहे मावशी, मी रोज दाखवते लोकांना. त्याला साखळीनं बांधून—"

"असेल. नसेलही. आईला त्याचे पाय दिसत होते, मन नव्हतं दिसत." मावशीनं काठी दोन्ही हातांत धरली. "तुझ्या आजानं दाखवली म्हणून नऊ माणसं गेली. त्यात माझी आजी होती. आणि तो उभा राहिला म्हणून माझी आई राहिली, मग मी, माझी पोरं, त्यांची पोरं. आई त्याला रस्त्यात बघायची तेव्हा वाट बदलायची. पण त्याच्याविरुद्ध तोंड उघडलं नाही तिनं कधी. मला म्हणाली, चहा पिऊ नकोस त्यांच्याकडचा, आणि वाईटही बोलू नकोस. मी तेवढं पाळलं."

बाहेर आता काहीच दिसत नव्हतं. खिडकी म्हणजे तांबडं फडकं. नोला उठली, खिशातून फोन काढला आणि खोलीच्या मधोमध, मावशीला ऐकू जाईल अशी उभी राहिली. डॅरिलनं चौथ्या घंटीला उचलला. वाऱ्याच्या आवाजात त्याचं बोलणं तुकड्यातुकड्यानं येत होतं.

"आत्या, जीपमध्येच बसलोय... दोर पक्का बांधलाय, काळजी करू नको..."

"ऐक डॅरिल. शनिवारी ताडपत्री काढायची नाही."

"काय?"

"दगडावरचं खोटं आहे. आजोबांनी सावध नव्हतं केलं कुणाला. माग त्यांनीच काढला होता."

पलीकडे नुसता वारा होता. मग डॅरिलचा आवाज, एकदम लहान मुलासारखा. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. कागद आहे माझ्याकडे. आणि आयव्ही मावशी आहे."

"आत्या, मंत्री येतायत! शाळेची पोरं गाणं बसवतायत. मी काय सांगू सगळ्यांना?"

"येऊ देत. कार्यक्रम होऊ दे. मी बोलेन. पण झाकलेल्या दगडापुढे बोलेन. ते अक्षर घासून काढायचं आणि नवीन कोरायचं."

"नवीन काय?"

नोलानं उत्तर देण्याआधीच फोन तुटला. तिनं तो तसाच कानाशी थोडा वेळ धरला आणि मग खाली ठेवला. ती जमिनीवरच बसली, मावशीच्या खुर्चीजवळ, कुत्र्याशेजारी.

दोघी धुळीचा आवाज ऐकत राहिल्या. पत्र्यावर कुणी मुठीमुठीनं वाळू फेकत असल्यासारखा.

"त्या वहीत," मावशीनं विचारलं, "नावं लिहिलीत का?"

"नाही. नुसतं नऊ."

"आकडा तरी बरोबर लिहिला." तिनं हात पुढे केला. नोलानं वही तिच्या हातात दिली. मावशीनं ती नाकाशी नेली, वास घेतला, मग अंगठ्यानं पानं फर्रकन सोडली. "मागे कोरी पानं आहेत ना?"

"आहेत. निम्मी वही कोरी आहे."

"पेन्सिल आहे?"

नोलानं खिसे चाचपले. संग्रहालयातली पेन्सिल निघाली, पाहुण्यांना सही करायला ठेवलेली.

"मेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही, तुला माहीत आहे," मावशी म्हणाली. "आईनं त्या सगळ्यांची नावं एकदाच घेतली, मरताना. मी अजून घेतली नाहीत. आता घेते. एकदाच. चुकलीस तर पुन्हा विचारू नकोस, येतील तशी लिही."

नोलानं शेवटच्या नोंदीनंतरचं पहिलं कोरं पान उघडलं. उजेड इतका कमी होता की तिला ओळी दिसत नव्हत्या, नुसता कागदाचा पांढुरकेपणा. मावशीनं डोळे मिटले आणि पहिलं नाव घेतलं. हळू, जणू कुणाला झोपेतून उठवायचं नाही अशा आवाजात. ते नाव नोलानं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. ती जुनी भाषा आता गावात तिघांनाच येत होती. तिनं जसं ऐकू आलं तसं लिहिलं. मग दुसरं. तिसरं मावशीच्या आजीचं होतं, ते घेताना ती थांबली आणि गिळून पुढे गेली. दोन भावांची नावं जवळजवळ सारखीच होती. एक म्हातारा होता, त्याला सगळे पाण्याच्या नावानं हाक मारायचे.

नववी आली तेव्हा मावशीनं मान हलवली.

"तिचं नाव ठेवायचं होतं अजून. रांगायला लागली होती, एवढंच."

"मग काय लिहू?"

"तेच लिही."

नोलानं लिहिलं: रांगणारी मुलगी. पेन्सिल बोथट झाली होती. तिनं वही मिटायला घेतली.

"थांब," मावशी म्हणाली. "अजून एक."

"नऊच होते ना?"

वारा एक क्षण पडला आणि त्या शांततेत मावशीनं दहावं नाव घेतलं. सँडी नव्हे. त्याच्या आईनं उत्तरेत ठेवलेलं, पोलिसांनी त्याला उचलण्याआधीचं. नोलानं ते फक्त एकदा ऐकलं होतं, आजीच्या तोंडून, आजोबांच्या प्रेताजवळ. ते मावशीला कसं माहीत, हे तिनं विचारलं नाही.

"त्याच पानावर?" तिनं विचारलं.

"त्याच पानावर. पण थोडी जागा सोड."

"किती?"

आयव्ही मावशीनं चेहरा खिडकीकडे वळवला. वारा पुन्हा उठला होता. नोलानं पेन्सिलीचं टोक नवव्या नावाखाली टेकवलं, मग जरा खाली सरकवलं. मग आणखी थोडं.